कॉस्च्युम आणि काष्टा

आमच्या घरातल्या पुरुषांचा इतिहास लिहायचा तर तो वाळत घातलेल्या कपड्यांवरूनच लिहावा लागेल. आजोबा लंगोटीवाले. हातभर कापडात माणूस चिकूची अख्खी वाडी शिंपून यायचा. वडिलांच्या काळात पालघरच्या शिंप्यानं शिवलेली पट्ट्यापट्ट्यांची नाडीवाली चड्डी आली. तिचा घेर एवढा, की वारा भरला म्हणजे समुद्रातल्या बोटी तिच्यावरून किनारा ओळखायच्या. माझ्या वाट्याला इलॅस्टिक आलं. आणि आता बोईसरला माझ्याबरोबर पाळीवर येणारी पोरं पँट मुद्दाम घसरवून आतल्या पट्टीवरचं कंपनीचं नाव जगाला वाचायला देतात. तीन पिढ्यांनी जे झाकलं त्याची आता पाटी झाली! मी आपला आ वासून बघत आलो. पण अवाक व्हायचं खरं बाकी होतं, ते गेल्या पावसाळ्यात झालो.

आमच्या वाडीपलीकडे मच्छीमारांची आळी. तिथले एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके. खोटं सांगत नाही, हा माणूस पोहायला लागला की मासे बाजूला सरून वाट देत. पण गुडघा धरला आणि मुलानं त्यांना बोटीवरून उतरवलं. "बाबा, तुमी आता घरी बसून जाळी शिवा." झालं! म्हाताऱ्यानं जेवण अर्धं केलं. समुद्राकडे पाठ करून बसायला लागले.

तेवढ्यात आमच्या कारखान्यानं कामगारांच्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी पोहण्याची शर्यत काढली, बोईसरच्या एका क्लबाच्या तलावात. मी फॉर्मवर तांडेलांना सरळ माझा सख्खा मामा करून टाकला. मुलाला ते कळलं तेव्हा तो हसला. "पयले आलात तर नारळी पुनवेनंतर बोटीवर या. नाय तर जाळी."

आदल्या दिवशी मी फोनवर बजावलं, "मामा, कॉस्च्युम लागतो बरं का."

"लागतो म्हंजे? त्याच्याबिगर मी कदी पाण्यात उतरलोय काय?"

मला वाटलं, वा! म्हाताऱ्याकडे तयारी आहे.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठी बाकीचे मामा, काका, सासरे गुडघ्याखाली लोंबणाऱ्या बर्मुड्यांत उभे. कुणाच्या मांडीवर नारळाची झाडं, कुणाच्या पोपट. आणि मधोमध आमचे तांडेल, कमरेला करगोटा आणि लाल चौकड्यांचा रुमाल दोन पायांतून मागे ताणून खोचलेला. बास. तलावावरच्या रखवालदारानं शिट्टीच फुंकली.

"चाचा, कॉस्च्यूम के बिना नहीं जाने का."

"मग हा काय हाय? काष्टाच हाय ना?"

"काष्टा नहीं चाचा, कॉस्च्यूम!"

"तेच बोलतो मी! काष्टा!"

"कॉस्च्यूम!"

"अरे, तुज्या बापाच्या जन्माआदीपासून घालतो मी काष्टा!"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनवर मी कॉस्च्युम म्हणालो, त्यांनी काष्टा ऐकला, आणि मी त्यांना शिष्टाचार शिकवतोय म्हणून मनातल्या मनात मला शिव्याही दिल्या असतील. मुलगा काठावरून म्हणाला, "चला बाबा, घरी जाऊ." म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सुकटीसारखा झाला.

मी रखवालदाराच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, सुती कपडा चलता नहीं, नायलॉन चाहिए. आणि खोलीत जाऊन कुणीतरी विसरलेली पोहण्याची चड्डी घेऊन आला. तळहाताएवढी. पुढून त्रिकोण, मागून त्रिकोण.

तांडेलांनी ती उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली, ताणून सोडली. मग हळूच म्हणाले, "अरे, हा तर काष्टाच हाय! नुसता शिवलेला."

खरंच की! लंगोटीपासून निघून, घेरदार चड्डीला वळसा घालून, पोपटांच्या बर्मुड्यापर्यंत जाऊन, पुरुषाची जात सगळी पृथ्वी फिरून पुन्हा त्याच त्रिकोणाशी येऊन थांबली होती. आणि हा माणूस तिथून हललाच नव्हता!

तांडेल ती चड्डी चढवून आले. शिट्टी झाली. बर्मुडेवाल्यांनी उड्या टाकल्या, त्यांच्या बर्मुड्यांत हवा भरली, आणि अर्धा डझन इभ्रतदार म्हातारे फुग्यांसारखे जागच्या जागी तरंगू लागले. तांडेलांनी उडी मारली असं मी म्हणणार नाही. पाण्यानंच त्यांना आत घेतलं. आवाज नाही, शिंतोडा नाही. निळ्या पाण्याखालून एक काळी रेघ सरकत गेली आणि पलीकडच्या भिंतीशी उगवली. दुखरा गुडघा बहुतेक काठावरच ठेवून गेले होते. मी माझी बढाई मारायची सवय विसरून गप्प उभा राहिलो, यावरून काय ते समजा.

मुलगा चालत पलीकडे गेला. वाकून बापाला हात दिला, वर ओढलं, टॉवेल खांद्यावर टाकला.

"पुनवेनंतर पयल्या दिवशी तुमी सुकानावर," तो म्हणाला. "मी जाळ्यावर बगीन."

तांडेल धापा टाकत होते. तिथी सांगितली की भरती-ओहोटी मिनिटावर सांगणारा हा माणूस. साऱ्या किनाऱ्यानं त्याला विचारून बोटी ढकललेल्या. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि मुलाला विचारलं,

"त्या दिवशी भरती कवा हाय रं?"