नानांच्या घड्याळात शिरलेले पाणी

माझा विषय रबरी सील. दोन भागांमधल्या फटीतून पाणी आत का शिरते, हे मी विद्यापीठात शिकवते. ख्राइस्टचर्चमधल्या आमच्या चार मराठी कुटुंबांत या विषयाबद्दल वर्षानुवर्षे कोणी चकार शब्द काढला नव्हता. मग सगळ्यांच्या मनगटांवर स्मार्टवॉच आली आणि जेवायला बोलावलेली माणसे पान वाढण्याआधी हात पुढे करू लागली. किस्से मी जमवले नाहीत. ते माझ्या पुढ्यात येऊन पडले.

बहुतेक नानांचे. नाना म्हणजे त्या चार घरांतल्या निखिलचे वडील, मालवणचे निवृत्त शाळामास्तर, उन्हाळाभर मुलाकडे राहायला आलेले. रोज सकाळी बसने समनरच्या किनाऱ्यावर जाऊन पोहणे, हा त्यांचा इथला एकमेव आनंद. नाना कुठे आहेत आणि त्यांची नाडी कशी चालली आहे, हे घड्याळातून निखिलच्या फोनवर दिसे. त्याची अट एकच होती.

"बाबा, घड्याळ हातात आणि चालू. ते बंद पडलं की समुद्र बंद!"

त्यामुळे घड्याळाला दमटपणा आला की नानांचा जीव खालीवर होई.

•

काचेआड पहिल्यांदा वाफ दिसली तेव्हा नानांनी निखिलला न सांगता घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरले. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो असता त्यांनी ही हकिगत मला कोपऱ्यात घेऊन सांगितली. तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी स्पीकरच्या छिद्रांत जाते, असे मी स्पष्ट केले.

"असं होय? बासमती नाही हो वापरला. साधा कोलम घेतला."

जेवणात भात उत्तम झाला होता. दुसऱ्यांदा वाढून घेत मी सहज विचारले, "तांदूळ कुठला आणलात?"

नाना माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "घड्याळाचा."

•

घड्याळाच्या ओल्या पडद्याला बोट आणि पाण्याचा थेंब यांतला फरक कळत नाही. एकदा नाना अंघोळ करत असताना त्यांच्या घड्याळाने परस्पर निखिलला फोन लावला. भर मीटिंगमध्ये निखिलला धो धो पाणी आणि वडिलांचा आर्त स्वर ऐकू आला. तो गाडी काढून घरी धावला आणि बाथरूमचे दार बडवू लागला. नाना टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

"बाबा, ओरडत का होतात?"

"गात होतो."

"मग मला फोन कशाला केलात?"

"मी कुठे केला? पाण्यानं केला!"

•

यावर उपाय म्हणून नात इरा हिने त्यांना पडदा कुलूपबंद करायला शिकवले. इराला मराठी समजते. उत्तर मात्र इंग्रजीत येते. कुलूप काढताना घड्याळ घुर्र आवाज करून स्पीकरमधले पाणी बाहेर फेकते. नानांनी ते आदराने पाहिले.

"चूळ भरतंय!"

"आजोबा, इट्स जस्ट द स्पीकर!"

"असेल. पण तुझ्यापेक्षा नियमित भरतं."

•

सुशिक्षितांचे वर्तन याहून बरे होते, असे मला म्हणता येणार नाही. माझा नवरा विवेक गरम पाण्याच्या स्पा पूलमध्ये घड्याळ घालून बसला. आत वाफ धरली. मी विद्यापीठात होते. मला विचारण्याऐवजी त्याने हेअर ड्रायर लावला. काच धरून ठेवणारा डिंक उष्णतेने सुटला आणि मी घरी आले तेव्हा काच एका बशीत होती, घड्याळ दुसरीत.

"आता आत पाणी नाही," विवेक म्हणाला.

हे विधान बरोबर होते.

•

नानांचे घड्याळ पुन्हा वाफाळले तेव्हा निखिल त्यांना घेऊन मॉलमधल्या दुकानात गेला. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, म्हणून वाटेत त्याने बजावले होते, "तुम्ही काही बोलायचं नाही."

काउंटरवरच्या मुलीने 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून विचारले, घड्याळ कधी पाण्यात गेले होते का?

"नेव्हर," निखिल म्हणाला.

प्रश्न इंग्रजीत होता आणि नानांना तो पूर्ण समजला होता. त्यांनी छाती पुढे काढली.

"एव्हरी मॉर्निंग!"

"स्वीट ॲज," असे इथल्या बोलीत 'झकास' म्हणत तिने घड्याळ परत सरकवले.

•

अखेर प्रकरण माझ्याकडे आले. निखिल म्हणाला, "मधुराताई, तुम्ही सांगाल ते अंतिम." मी काच कोमट करून तिच्यावर बर्फाचा खडा ठेवला. आतून धुके धरले. सील गेले होते.

"बाई, पाठीवर तर पन्नास मीटर लिहिलंय," नाना म्हणाले.

"नाना, तो प्रयोगशाळेतला दाब आहे, आणि तोही नव्या सीलसाठी. तेवढं खोल जायची परवानगी नव्हे."

"मी पन्नास मीटर खाली गेलो, तर घड्याळाकडे कोण बघणार आहे?"

मी निर्णय दिला. "आतली वाफ वाळेल. पण यापुढे हे घड्याळ समुद्रात न्यायचं नाही."

"ठरलं," निखिल म्हणाला. "आता फक्त काठावर बसायचं."

मला वाटले होते, नाना वाद घालतील. ते एवढेच म्हणाले, "बाईंचा शब्द मोडायचा नाही."

पुढचे काही आठवडे निखिलच्या फोनवर रोज सकाळी एकच दृश्य दिसे: नकाशावरचा नानांचा ठिपका किनाऱ्यावरच्या बाकावर, नाडी संथ. "पोहणं सुटल्यापासून बाबांचं हृदय बघा कसं शांत झालंय!" असे म्हणत तो आलेख सगळ्यांना दाखवत असे. मलाही दाखवला. आलेख निर्दोष होता.

एका रविवारी तो आणि मी नानांना आणायला समनरला गेलो. ठिपक्याच्या जागी बाक होता. बाकावर शर्ली नावाच्या एक वृद्ध बाई विणत बसल्या होत्या. कमरेच्या ऑपरेशनमुळे त्यांचे पोहणे थांबले होते. त्या आता सोबत्यांचे टॉवेल सांभाळत. त्यांच्या मनगटावर नानांचे घड्याळ होते.

"माझे वडील कुठे आहेत?" निखिलने विचारले.

शर्लीबाईंनी विणकामाची सुई समुद्राकडे केली. पोहण्याची सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या दोन बावट्यांच्या मधोमध, पाच-सहा पांढऱ्या डोक्यांमध्ये एक डोके ओळखीचे होते.

"मग ही नाडी..."

"माझी," त्या म्हणाल्या. "बरी आहे का?"

निखिलने फोनवरचा आलेख पुन्हा उघडला. तेवढ्यात नाना पाणी निथळत वर आले. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि शर्लीबाईंचा हात अलगद धरून घड्याळ माझ्यासमोर केले.

"बघा बाई. कोरडं आहे ना?"

मी चष्मा लावून, काच तिरपी करून उन्हात नीट पाहिली. निखिल माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"कोरडं आहे," मी म्हणाले.