बँकॉकहून आणलेला पूल

मी बँकॉकला जाऊन आलो, हे आमच्याकडं चारचौघांत सांगायची सोय नाही. नाव काढलं की समोरचा डोळा मिचकावतो आणि "काय काय बघितलं, आण्णा?" म्हणून जवळ सरकतो. मी "रस्ते" म्हणालो की त्याला वाटतं, हा लपवतोय. पण मी खरंच रस्ते बघितले. येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून, माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. एका कंपनीचं बियाणं आमच्या भागात भरपूर खपलं, म्हणून त्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना गोळा करून बँकॉकची सहल घडवली. सहलीतला निम्मा वेळ आमची बस रस्त्यात अडकून उभी होती. काचेबाहेर दुसरं काय दिसणार?

आणि रस्त्यांकडं बघायला मला कारण होतं. ते कारण म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. ऐन उमेदीत नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती गावात माझ्या शेजारीच दोन खोल्यांत राहायची. वडिलांनी तिच्या नावावर केलेला जमिनीचा तुकडा मात्र हायवेच्या पलीकडं आहे. तिथं थोडी ज्वारी, थोडा घास आणि दिवसा जनावर बांधायचा एक पत्र्याचा कोठा. घर अलीकडं, रान पलीकडं, आणि दोन्हीच्या मधे रोज सकाळ-संध्याकाळ ये-जा करणारी आक्का आणि तिची म्हैस. ठरलेल्या घरांना दूध घालायचं आणि कुणापुढं हात पसरायचा नाही, सख्ख्या भावापुढंही नाही, हे तिचं जगणं.

रस्ता लहान होता तोवर म्हैस एकटीसुद्धा पलीकडं जायची. ट्रकवाले थांबायचे, शिव्या द्यायचे आणि पुढं जायचे. मग रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, आणि गावातून रानात जाणाऱ्यांसाठी थोडं पुढं एक बोगदा ठेवला. त्या बोगद्याविषयी लिहायचं तर नाक धरूनच लिहायला हवं. बाजूच्या ढाब्याचं सगळं सांडपाणी त्यात उतरतं. भर उन्हाळ्यातसुद्धा आत काळं पाणी, पाण्यावर हिरवी साय, सायीवर तरंगणारे डायपर, दारूच्या बाटल्या, कुणीतरी आणून टाकलेली कोंबडीची आतडी. भिंती गुटख्यानं रंगलेल्या. म्हैस म्हणजे चिखल दिसला की बसणारं जनावर, पण आक्काची म्हैस त्या बोगद्याच्या तोंडाशी गेली, नाक फेंदारलं आणि माघारी फिरली ती कायमची. या गावात स्वच्छतेचं कळतं ते एकट्या म्हशीला, असं मी तेव्हा दुकानात बोललो आणि माझी दोन गिऱ्हाइकं तुटली.

नशिबानं गावासमोर दुभाजकाला एक कट राहिला होता, गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा. आक्का तिथून जायची. तिची एक पद्धत होती. आधी कडेला उभी राहायची, गाड्यांचा अंदाज घ्यायची, मग उजव्या हाताचा पंजा उंच धरून रस्त्यात उतरायची. डाव्या हातात म्हशीचं दावं. पंजा असा, की जणू समोरून येणारा कंटेनर तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे आणि त्यानं ऐकलंच पाहिजे. गाड्या करकचून ब्रेक मारायच्या. काचा खाली करून माणसं काय काय बोलायची ते मी दुकानात बसून ऐकायचो. एखाद्या दिवशी आक्का त्या डांबरावर पडलेली दिसेल, ही भीती घेऊनच मी विमानात बसलो.

बँकॉकमध्ये उतरल्यावर पहिल्यांदा तोंडाचा आ झाला, हे कबूल करतो. खाली रस्ता, त्याच्यावर रस्ता, आणि कुठं कुठं त्याच्याही वरून धावणारी रेल्वे. आमचा गाईड मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. त्यानं सुखुमवित नावाचा रस्ता दाखवला. म्हणाला, हा इथून निघतो तो समुद्राच्या कडेकडेनं पार देशाच्या हद्दीपर्यंत जातो. आम्ही मात्र त्याच्यावर एकाच खांबासमोर इतका वेळ उभे होतो, की त्या खांबावरची जाहिरात मला पाठ झाली. रस्त्यांना तिथल्या राजांची नावं आणि राजांना नंबर. "हा राम चौथा," गाईड म्हणाला, तेव्हा मागच्या सीटवरच्या एका दुकानदारानं बसमधूनच भक्तिभावानं हात जोडले. मी त्याला म्हणालो, "अहो, समोर ट्राफिक जाम हाय, मूर्ती न्हाय." तो म्हणाला, "असू द्या, नाव तर रामाचं हाय."

बसमधल्या आमच्या लोकांविषयी न बोललेलं बरं, पण बोलतोच. परदेशातल्या बसमध्ये शेंगदाण्याची टरफलं सीटखाली सारणारे, एसीच्या बंद गाडीत धपाटे आणि लसणाच्या चटणीचे डबे उघडून ढेकर देणारे, आणि गाडी हलेना म्हणून मागच्या सीटवर पाण्याच्या बाटलीत मोकळे होणारे. ती बाटली पुन्हा नीट टोपण लावून सीटच्या जाळीत ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बाहेर गाड्यांचा धूर, आत हा वास. मला रस्त्याची, बसची आणि स्वतःच्या माणसांची एकदमच शिसारी आली.

या मंडळींत आमच्याच गावचा उपसरपंच होता. त्याचंही खताचं दुकान आहे. त्याला तिथले पायी चालणाऱ्यांचे पूल आवडले. मोठ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी असे पूल आहेत, या कडेला जिना चढायचा, वरून रस्ता ओलांडायचा, त्या कडेला जिना उतरायचा. प्रत्येक पुलावर जाऊन त्यानं फोटो काढले. मागं चमकणाऱ्या गाड्या, पुढं पोट आणि दोन बोटं वर. "आण्णा, आपल्या गावाला असला पूल पायजेच," तो म्हणाला. क्षणभर मलाही ते पटलं. वरून आक्का निवांत चाललीय आणि खालून कंटेनर भुंकत चाललेत, असं चित्र डोळ्यांपुढं आलं.

म्हणून संध्याकाळी हॉटेलजवळचा एक पूल मी चढून बघितला. पायऱ्या उभ्या. अर्ध्यावर माझे गुडघे बोलायला लागले. वर पोचून कठड्याला टेकलो आणि खाली बघितलं, तर पुलाच्या अगदी पायथ्याशी एक म्हातारी उभी. पाठीला बाक, हातात भाजीची का फळांची मोठी परडी. तिनं मान वर करून जिन्याकडं एकदा बघितलं. मग तोंड फिरवलं, उजवा पंजा उंच धरला आणि सरळ रस्त्यात उतरली. मोटरसायकली तिला वळसे घालत होत्या. मधल्या कठड्यापाशी आल्यावर तिनं आधी परडी पलीकडं ठेवली, मग एक पाय टाकला, दम खाल्ला, मग दुसरा. तो पंजा मी ओळखत होतो.

उपसरपंच शेजारीच फोटो काढत होता. मी म्हणालो, "हिकडं बघा. पूल कुणासाठी हाय आन् कोण कुठून चाललंय."

त्यानं खाली एक नजर टाकली. "म्हातारीला अक्कल न्हाय बघा. एवढा पूल असताना खालून मरायला चालली."

"तिला चढवत न्हाय म्हणून चालली."

"तुमी बँकॉकला येऊन म्हाताऱ्याच बघा, आण्णा," तो म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्याला आणखी एक फोटो हवा होता.

गावात आल्यावर ग्रामसभेत ते फोटो हातोहात फिरले. मी उठून सांगितलं, की पूल नको, आधी बोगद्यातलं पाणी काढा, ढाब्याची नाली बंद करा, आणि कटाच्या दोन्ही बाजूला गाड्या हळू होतील असं काहीतरी करा. बोगदा साफ करण्यात कुणाला गोडी वाटली नाही. नालीवर फीत बांधून कापता येत नाही. पुलासाठी मात्र निवेदनं गेली, एकदा रास्ता रोको झाला, पुढाऱ्यांच्या गाड्या येऊन गेल्या, आणि दोन पावसाळ्यांनंतर पूल मंजूर होऊन आला. मोजमाप घ्यायला इंजिनिअर साहेब आले तेव्हा आक्का म्हैस घेऊन कडेलाच उभी होती. तिनं विचारलं, "सायेब, म्हस कुठून चढायची ह्याच्यावर?" साहेब हसले, बरोबरचे हसले, आणि तिला थोडं बाजूला उभं राहायला सांगितलं.

उद्घाटनाला गावातली वडीलधारी म्हणून पहिलं पाऊल आक्कानं टाकायचं, असं उपसरपंचानं ठरवलं. तिच्या गळ्यात हार घातला. हलगी वाजत होती. आक्का कठडा धरून काही पायऱ्या चढली, मग गुडघा दाबत तिथंच खाली बसली. वरून फोटो काढणारे म्हणाले, "आज्जी, जरा हसा." ती बिचारी भिडेखातर हसली. तेवढ्यात फोटो निघाला. बाकीची मंडळी तिच्या अंगावरून पाय टाकत वर गेली, आणि मी तिचा हात धरून तिला खाली आणलं. आठवड्याभरात पुलावर मोठा फ्लेक्स लागला. उपसरपंचाचा चेहरा, त्याच्या वरच्या पुढाऱ्यांचे चेहरे आणि कोपऱ्यात पायरीवर बसलेली, हार घातलेली आक्का. खाली लिहिलं होतं, "ज्येष्ठांची सोय, हाच आमचा ध्यास." मी ते वाचलं आणि खरंच रस्त्यात थुंकलो.

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. एका सकाळी जेसीबी आला, सिमेंटचे ठोकळे आले, आणि दुपारपर्यंत दुभाजकातला कट बंद झाला. वर लोखंडी जाळी. मी पळत गेलो तर मुकादम म्हणाला, "पूल दिलाय की आता, कट कशाला पायजे?" उपसरपंचाकडं गेलो. तो म्हणाला, "नियम हाय, आण्णा. पूल आला की कट जातो." म्हणजे हे त्याला आधीपासून माहीत होतं. आणि गावात आणखी कुणाकुणाला माहीत होतं ते मी विचारलंच नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

पूल आज काय कामाला येतो? पोरं तिथं उभी राहून रील बनवतात. संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणारे बसतात. पायऱ्या गुटख्यानं अशा लाल केल्यात, की कठड्याला हात लावायची किळस येते. कुठल्या तरी कोपऱ्यातून मुताचा वास येतो आणि तो थेट माझ्या दुकानापर्यंत पोचतो. ज्यांच्या पायांत जोर आहे ते पुलाखालीच जाळीवरून उड्या मारून जातात, आणि ज्यांच्या पायांत जोर नाही त्यांना आता वरूनही वाट नाही आणि खालूनही नाही.

आक्कानं काही दिवस म्हैस गाड्या वळतात त्या लांबच्या वळणापर्यंत नेली, हायवेच्या कडेनं, गाड्यांच्या तोंडासमोरून. एकदा एक टेम्पो इतक्या जवळून गेला, की म्हैस बिथरली आणि दाव्यासकट आक्काला ओढत नालीत घेऊन गेली. तिचं कोपर सोलून निघालं. त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आक्का, आता म्हस इकून टाक. माझ्याकडं ऱ्हा. दोन घास मला काय जड हायेत?"

ती कोपरावर हळद दाबत होती. म्हणाली, "म्हस इकली की म्या कोण? तुझ्या दुकानातल्या पोत्यावर बसून तुझ्या गिऱ्हाइकांला राम राम करू का?"

"मग काय करणार?"

"म्हशीला हिकडं येता येत न्हाय. मग म्याच तिकडं जाती."

आणि ती गेली. तिचं अंथरूण, दोन पातेली, देव्हाऱ्यातली येडाईची तसबीर, सगळं मी माझ्या गाडीवर बांधून लांबून वळसा घालून तिच्या कोठ्यावर पोचवलं. जन्मभर जिनं या गावात दूध घातलं, ती आता हाकेच्या अंतरावर परगावची झाली. तिचं दूध एक मोटरसायकलवाला येऊन घेऊन जातो. तो पडेल भाव देतो, आणि गावात कुणाच्या घरी बारसं झालं, कुणाचं काय झालं, हे तिला त्याच्याकडून कळतं. जिच्यासाठी पहाटे पहाटे सगळ्या गल्लीची कवाडं उघडायची, तिच्याशी बोलायला आता एक म्हैस राहिली.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो की ती समोर दिसते. पहिल्याच संध्याकाळी ती पलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली आणि तिनं उजवा पंजा उंच धरला. ही उतरते रस्त्यात, असं वाटून मी "आक्का, थांब" म्हणून ओरडत जाळीपर्यंत पळालो. गाड्यांच्या आवाजात तिला काहीच ऐकू गेलं नाही. ती रस्त्यात उतरली नाही. पंजा तसाच धरून तिनं मी बघतोय याची खात्री करून घेतली, मग पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवलास का, असं विचारत होती.

मी मान हलवली आणि तिला तेच विचारलं. तिनंही मान हलवली. रोज संध्याकाळी आम्ही एवढंच बोलतो. आमच्या डोक्यावर तो पूल असतो आणि पुलावर हार घातलेली आक्का पायरीवर बसून हसत असते. मधे एखादा लांबलचक कंटेनर आला की ती मला दिसत नाही, आणि तो निघून जाईपर्यंत मी जाळीला धरून उभा राहतो.