दोन विटांवरचा बांबू

बांबू दोन विटांवर ठेवला होता. विटाही आडव्या. म्हणजे जमिनीपासून किती, तर चार बोटं. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरठा याहून उंच आहे. आणि या बांबूवरून घोडी न्यायची म्हटलं की माझी चौदा वर्षांची पोट्टी रडायला लागायची. तीन आठवडे हेच चाललं होतं आणि माझं डोकं पार भणभणून गेलं होतं.

पडली होती ती, हे खरं. त्या दिवशी मी माझ्या घोडेस्वारीच्या हेल्मेटशी झटत होते, कारण अंबाड्यावर ते काही केल्या बसत नाही. मागे धप्प आवाज झाला, वळून पाहते तर नुसती धूळ. पोरीचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. उठून तिनं कपडे झटकले आणि म्हणाली, "मम्मी, ही घोडी लय उंच उडते."

"चार बोटांच्या बांबूवरून किती उडते वं?"

तिनं हात स्वतःच्या छातीपर्यंत नेऊन दाखवला. मला हसू आलं. वीस वर्षं झाली मी शाळेत शिकवते. पोटात दुखते, वही घरी राहिली, आजी सीरियस आहे, सगळं ऐकून झालंय. एकाच मुलाची आजी वर्षातून तीनदा सीरियस झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे घोडीची उडी छातीपर्यंत ऐकल्यावर मी तिच्या कोपराला हळद लावली आणि विषय संपवला.

पण विषय संपेल तर ना! आमच्या मैदानावर एकानं एकच घोडं धरायचं, त्याच्यावरच सराव करायचा आणि निवडीलाही त्याच्यावरच बसायचं, असा रिवाज. घोडेस्वारी संघाची निवड रविवारी होती. पोरीचं एकच म्हणणं, मला दुसरी घोडी द्या. आईबापानं हो म्हटलं असतं तर शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलीही असती. मी नाही म्हटलं. जिच्यावरून पडली तिच्यावरच बसायचं, नाहीतर नाव कट. वर्षभर पहाटे उठून मी तिला स्कूटीवर कामठी रोडनं आणत होते ते काय हे रडगाणं ऐकायला? तिच्या नादानं कडुलिंबाखाली बसून बसून कंटाळले म्हणून मी स्वतः शिकायला लागले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. मी दुडक्या चालीपर्यंत पोचले होते आणि या पोरीला चार बोटांचा बांबू ओलांडवत नव्हता.

शुक्रवारी तर कहर झाला. ती घोडीवर बसली, बांबूपाशी आली आणि लगाम ओढून बाजूनं वळली. एकदा, दोनदा, तीनदा. बाकी पोरांचे आईबाप फोन खिशात ठेवून बघायला लागले.

"नौटंकी बंद कर!" मी कडुलिंबाखालूनच ओरडले. "सगळे पाहून राहिले! खोटं बोलाची काही हद्द असते!"

"मी खोटं नाही बोलून राहिली."

"उतर खाली. मीच दाखवते तुले."

उस्ताद पुढं आले. हे फौजेतून रिटायर झालेले गृहस्थ, घोड्यांत उभा जन्म गेलेला. "मॅडम, एक मिनट सुनिए..."

"तुम्ही थांबा, उस्ताद."

"नाही, पण ही घोडी..."

"थांबा म्हटलं ना!"

ते थांबले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्यांनी पाय अडकवायच्या रिकिबी माझ्या मापाच्या केल्या आणि मला वर चढवलं. "आयाळ धरून ठेवा," एवढं मात्र त्यांनी म्हटलं. आयाळ कायले धरू? मी काय लहान पोर आहे? मी पाठ ताठ केली, टाच लावली आणि निघाले. घोडी मस्त दुडकत होती. बांबू जवळ आला. मी पोरीकडे एक नजर टाकली, म्हणजे नीट बघ, असं.

आणि माझ्याखालची जमीनच गेली.

माय वं! काय सांगू! ती घोडी बांबूवरून गेली नाही, ती बांबूपासून जीव घेऊन पळाली, सरळ वर. मैदानाच्या भिंतीपलीकडचा रस्ता मला दिसला. त्यावरून जाणारा शेअर ऑटो दिसला, त्यातल्या मागच्या सीटवरच्या बाईनं तोंडावर हात ठेवलेला दिसला. एवढं सगळं बघायला वेळ मिळाला, यावरून काय ते समजा. खाली आले तेव्हा रिकिबी पायात नव्हत्या, हेल्मेट डोळ्यांवर होतं आणि मी घोडीच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून किंचाळत होते. जीभ दाताखाली आली होती. चार पावलांवर घोडी थांबली आणि मी धान्याच्या पोत्यासारखी घसरत मातीत उतरले. लगाम तेवढा हातात राहिला होता. घोडी शांतपणे गवत हुंगायला लागली.

मी भयंकर संतापले होते. घाबरलेही होते, पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

"उस्ताद! हे माहीत होतं तुमाले?"

"हव, मॅडम. एकदा बांबू तिच्या पायावर जोरात लागला होता. तेव्हापासून ती असंच करते. बांबू केवढाही असो."

"मंग तीन आठवडे तोंड काहून नाही उघडलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. "पहिल्याच दिवशी सांगत होतो. नंतर दोन वेळा. आताही सांगत होतो. तुम्ही बोलू द्याल तर बोलीन ना, मॅडम."

फोनवाल्या आईबापांपैकी कोणीतरी खोकलं. मी उठून उभी राहिले. पोरगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली होती. मला वाटलं, आता ही हसेल, टोमणा मारेल, मम्मी किती उंच उडाली, म्हणेल. मारू दे, म्हटलं. हक्क आहे तिचा. ज्यांच्यासमोर तिला खोटी म्हटलं होतं, ते सगळे अजून तिथंच होते. म्हणून मी मोठ्यानंच बोलले.

"तू खरं बोलून राहिली होती. मीच चुकली. उस्ताद, हिले दुसरी घोडी द्या."

ती हसली नाही. झाकण उघडून तिनं बाटली माझ्या हातात दिली, माझ्या ओठावरचं रक्त आपल्या बाहीनं पुसलं. मग खाली बघत म्हणाली, "मम्मी, मले तर वाटाले लागलं होतं का मीच खोटं बोलून राहिली."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं माझ्या हातातून लगाम घेतला आणि घोडीला पाणी पाजायला निघून गेली.