उलांडी आणि तागडी

सुभद्रा सारंग आमच्या जामसंड्याच्या घरी पहिल्यांदा आली ती नोव्हेंबर १९५६ मध्ये, दुपारी दोन वाजता. तिच्या हातात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्याला वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं होतं. ती मिठबावची, भिकाजी सारंगांची थोरली मुलगी. भिकाजी स्वतःच्या होडीने मासेमारी करत. सुभद्रा जामसंड्यात प्राथमिक शाळेत सकाळच्या पाळीत शिकवायची, खोली घेऊन राहायची आणि घरी अभ्यास करून बी.ए.ची परीक्षा देत होती. वय सव्वीस.

दारातच ती म्हणाली, "वैनी, तुमी बेळगावात मडमांच्या शाळेत शिकलात म्हणतत. माका ह्या वाचून दाखवशात?"

मी पुस्तक उघडून पाहिलं. राष्ट्राराष्ट्रांमधले संबंध कसे समजून घ्यायचे, याविषयी जे वेगवेगळे सिद्धांत आहेत त्यांची ती ओळख होती. मला त्यातलं काही येत नव्हतं. इंग्रजी येत होतं. परीक्षा मराठीतून देता येत होती, पण पुस्तकं सगळी इंग्रजीतली, अशी तिची अडचण होती. मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते चार, असं ठरलं. त्या दिवसांच्या माझ्या नोंदी आजही आहेत. "पृष्ठ ४१ ते ५३. सुभद्राने नऊ प्रश्न विचारले. मला चारांची उत्तरं देता आली."

तिला बी.ए. का हवं होतं ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आमच्या गावच्या हायस्कुलात वरच्या वर्गांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारे मास्तर अठ्ठावनच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्या जागेवर तिचा डोळा होता. वरच्या वर्गांना तिथे तोवर बाईने कधी शिकवलं नव्हतं. मुख्याध्यापक तिला म्हणाले होते, "आधी पदवी घेऊन या, मग बोलू." बाकी विषय तिचे तयार होते. भीती एकाच पेपरची होती, आणि तो हा.

आमच्या शेजारच्या नर्मदाकाकी अंगणात सुपारी वाळत घालता घालता आमचं वाचन ऐकायच्या. सामाईक विहिरीवरून, म्हणजे बावडेवरून, त्यांचं कायम कोणाशी तरी वाजलेलं असे. एकदा म्हणाल्या, "सुभद्रा आता रशियाचो नि अमेरिकेचो झगडो मिटवतली. मगे आमच्या बावडेचो मिटव गो."

सुभद्रा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "तो मिटाचो नाय काकी. थंय दोनूय बाजूंक तुमीच आसात."

काकी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी फणसपोळी घेऊन आल्या आणि पुन्हा ऐकत बसल्या.

पुस्तकातला पहिला सिद्धांत असा की राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी राजा नाही, म्हणून प्रत्येक राष्ट्र आपलं बळ वाढवतं आणि दुसऱ्याच्या बळाकडे संशयाने बघतं. या स्थितीला पुस्तकात 'अराजक' म्हटलं होतं. मला अराजक म्हणजे दंगल वाटे. सुभद्राला समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "भायर दर्यात फौजदार खंय आसता, वैनी? म्हणून काय रोज मारामारी होता? नाय. पण प्रत्येकजण दुसऱ्याच्या होडयेत माणसां किती ती मोजता."

दुसऱ्या सिद्धांताप्रमाणे राष्ट्रं करार करतात, संस्था उभारतात, व्यापाराने एकमेकांत गुंततात आणि त्यामुळे भांडण टाळणं त्यांच्याच फायद्याचं होतं. त्यावर तिने जाळी कोणी कधी टाकायची याचे दोन वाड्यांमधले ठराव सांगितले. ते कुठे लिहिलेले नव्हते, तरी मोडायला कोणी धजत नसे. तिसरा सिद्धांत म्हणत होता की निशाणं बघू नका, माल कोणाचा आणि नफा कोणाचा ते बघा. त्या दिवशी तिने मुंबईला मासळी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची नक्कल केली आणि मी हसून हसून पुस्तक मिटलं.

त्याच नोव्हेंबरात सुएझ आणि हंगेरी दोन्ही घडत होतं. माझे यजमान डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे टपालाने वर्तमानपत्र यायचं. सुएझमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची माणसं मध्ये उभी राहिली आणि मोठ्या सैन्यांना मागे जावं लागलं. हंगेरीत रणगाडे शिरले आणि कोणाला काही करता आलं नाही. सुभद्राने दोन्ही कात्रणं वहीत समोरासमोर चिकटवली आणि खाली लिहिलं, "एका सिद्धांताने दोन्ही उलगडत नाही."

मग चूक झाली, आणि ती माझ्यामुळे झाली. 'सत्तेचा समतोल' हे प्रकरण आलं. मी वाचलं आणि माझ्या परीने सांगितलं, "समतोल म्हणजे होडी उलटू नये म्हणून असतं ना, तसं काहीतरी." मला वल्हं आणि उलांडी यांतला फरकही धड माहीत नव्हता. उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला, दोन दांड्यांनी लांब बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर तरंगतो आणि होडीला कलंडू देत नाही. सुभद्रा त्याच होडीत लहानाची मोठी झालेली. तिच्या डोक्यात समतोल म्हणजे उलांडी हे पक्कं बसलं.

पुस्तकातला समतोल तागडीचा होता. दोन पारड्यांत दोन बळं, जवळजवळ सारखी. एप्रिल सत्तावनच्या पेपरात तिने तीन पानं उलांडीवर लिहिली. जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, या पेपरात शंभरांपैकी एकतीस. पास व्हायला पस्तीस लागत होते.

ती रडली नाही. मला मात्र जेवण गेलं नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे."

ती म्हणाली, "चूक पस्तिसाची आसा. तुमी वाचा."

वर्षभर आम्ही तागडी शिकलो. तिने पारडी घोकली, कोणत्या शतकात कोणतं राष्ट्र कोणत्या पारड्यात बसलं ते पाठ केलं. मी तिच्याकडून शब्द घेतला की उलांडीचं नाव काढायचं नाही. अठ्ठावनच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. अठ्ठावन गुण. सुभद्रा बी.ए. झाली.

पण जागा अजून लांब होती. त्याच जागेसाठी कोल्हापूरचे एक एम.ए. झालेले गृहस्थ अर्ज करून बसले होते. शाळेच्या समितीने ठरवलं की दोघांनीही अकरावीच्या वर्गावर एकेक पाठ घ्यावा. विषय दोघांना एकच, जगातले दोन गट आणि भारत. पाहुण्यांनी शुक्रवारी पाठ घेतला आणि चांगला घेतला. सुभद्राचा शनिवारी, १४ जूनला.

मी मागच्या बाकावर यजमानांशेजारी बसले होते. समितीचे पाच जण भिंतीला लागून खुर्च्यांवर. त्यांचे प्रमुख भाई वकील, गावात त्यांच्या शब्दाला वजन. भिकाजीही आले होते. पावसाळ्यामुळे होडी वर ओढलेली, म्हणून मोकळे. आत बसायला तयार झाले नाहीत, खिडकीबाहेर छत्री घेऊन उभे राहिले.

सुभद्राने प्रमाण भाषेत, स्वच्छ आवाजात तिन्ही सिद्धांत मांडले. बळाचा, करारांचा, नफ्याचा. सुएझला एक लावून दाखवला, हंगेरीला दुसरा. मग फळ्यावर तागडी काढली. एका पारड्यात अमेरिका, दुसऱ्यात रशिया. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानू लागले.

तेवढ्यात सरला नावाची एक मुलगी उठली. "बाई, भारत कुठल्या पारड्यात?"

"कुठल्याच नाही."

"मग तो तागडीत नाहीच का?"

भाई वकील खुर्चीत पुढे सरकले. "प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्या, बाई. कुठल्याच पारड्यात नसलेल्याला तागडीत काय किंमत?"

सुभद्रा फळ्यावरच्या तागडीकडे वळली. मला तिचं मन दिसत होतं. पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. जुन्या काळी एखादं राष्ट्र तागडी हातात धरून उभं राही, वगैरे. पण भारताच्या हातात जगाची तागडी आहे असं ती म्हणू शकत नव्हती, कारण ते खरं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे उलांडी नको. तिने फडका घेतला आणि तागडी पुसून टाकली.

मग तिने होडी काढली. तिच्या दोन्ही कडांवर एकेक जाड माणूस बसवला. दोघं एकमेकांकडे बघताहेत, एक जरा हलला की दुसराही हलतो. "ही होडी म्हणजे आपलं जग," ती म्हणाली. "आता ही उलटू नये म्हणून काय हवं? तिसरा जाड माणूस?"

अर्धा वर्ग एकदम बोलला, "उलांडी."

"उलांडी जड असते का?"

"नाय बाई, हलकी."

"मग ती होडी कशी सांभाळते?"

सरलाच म्हणाली, "लांब असते म्हणून."

"लांब असते आणि बांधलेली असते," सुभद्रा म्हणाली. "आपल्याकडे त्यांच्याएवढं वजन नाही. ते दोघं बसलेत तिथे जाऊन बसलो तर आपला उपयोग शून्य. अंतर ठेवलं तर हलकं राष्ट्रसुद्धा होडी कलंडू देत नाही. समतोल नुसत्या वजनाने राहत नाही, अंतरानेही राहतो. हे परीक्षेत लिहू नका, गुण जातात. माझे गेले आहेत. पण समजून घ्या."

मुलं हसली. भाई वकील हसले नाहीत. "म्हणजे काठावर बसून गंमत बघायची, असंच ना हे?"

"नाही, भाईसाहेब. उलांडी काठावर ठेवून होडी पाण्यात ढकलता येत नाही. लाट येते तेव्हा होडीआधी तीच भिजते."

बाहेरून, छत्रीखालून, भिकाजींचा आवाज आला. "आणि बांधलली दोरी दर वर्षाक बदलूक लागता, ह्याय सांग गो."

त्यांना कोणी गप्प केलं नाही. सुभद्राने वर्गाकडे वळून विचारलं, "राष्ट्रांच्या बाबतीत ही दोरी म्हणजे काय?" आणि सहा हात वर झाले. करार, व्यापार, राष्ट्रसंघ. एका मुलाने 'विश्वास' म्हटलं, आणि तो बळाच्या सिद्धांतात बसतो का यावर वर्गात जे भांडण सुरू झालं ते घंटा झाली तरी थांबेना. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या पाठाला एकही हात वर झाला नव्हता, हे मला मुख्याध्यापकांनीच नंतर सांगितलं.

समितीची बैठक पाऊण तास चालली. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. दार उघडून भाई वकील स्वतः बाहेर आले.

"बाई, मी चाळीस वर्षं कोर्टात प्रश्न विचारतो आहे," ते म्हणाले. "साक्षीदार बहुतेक वेळा मला हवं ते बोलतात. तुम्ही बोलला नाहीत. सोमवारपासून या."

सुभद्राने वाकून नमस्कार केला. भिकाजी छत्री मिटायचं विसरून व्हरांड्यातच उघडी धरून उभे होते. लेकीला म्हणाले, "होतला म्हणून माका ठावक होता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नव्हता ठावक."

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत तिच्यासाठी वेगळी खुर्ची नव्हती, कारण तिथे बाई येईल असं कोणाच्या हिशेबात नव्हतं. शिपाई गोंधळून बाक आणू लागला. भाई वकिलांनी शाळेच्या कचेरीतून, ज्या खुर्चीवर ते स्वतः बैठकीत बसत, ती उचलून आणवली. हात असलेली, वेताची, रुंद. सुभद्राबाई तीत बसल्या, हजेरीपट पुढे ओढला, आणि घड्याळात साडेदहा झाले तशा उठून अकरावीच्या वर्गावर गेल्या.