सोफा, आरामखुर्ची आणि अण्णा

घरातल्या लाकडी सामानाची इतकी धास्ती घेतलेला माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय साऱ्या बेळगावात दुसरा सापडायचा नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ सारी नोकरी निवांत काढलेले अण्णा, बंगळूरला असलेल्या मुलानं आई-वडिलांच्या बेळगावातल्या नव्या फ्लॅटसाठी राखाडी सोफा आणि काचेचं टीपॉय पाठवलं तेव्हा मात्र घामाघूम झाले. कारण येळ्ळूरच्या घरातली वेताची आरामखुर्ची, शिसवी कपाट आणि आरशाचं टेबल सोडून यायला त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, तयार नव्हत्या; आणि निपाणीची नवी सून महिन्याभरात पहिल्यांदाच राहायला येणार होती.

"जुनं काढलं तर हिला वाईट वाटतंय, ठेवलं तर सुनंला लाज वाटंल. काय करू सांगा, पाव्हणं?" असं ते मला दिवसातून तीनदा फोनवर विचारत. कपाटाच्या वजनानं स्लॅब खचेल या भीतीनं त्यांनी खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताला तडा गेलाय का ते पाहिलं. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून कपाटाच्या पायांत स्वतःचे लोकरी मोजे चढवले. राखाडी सोफा वेताशेजारी परका दिसतो म्हणून आक्कांच्या जुन्या इरकली साडीच्या उशा शिवून घेतल्या. आणि रोज सकाळी, हातात टेप घेऊन, सगळं पुन्हा हलवलं.

अशाच एका सकाळी आक्का देवळातून आल्या आणि सवयीनं, मागं न बघता, आरामखुर्चीत बसल्या. खुर्ची तिथं नव्हती. दहा मिनिटांपूर्वी ती खिडकीशी गेली होती. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर चढेपर्यंत अण्णा पांढरेफटक. शेवटी आक्काच म्हणाल्या, "हात माझा मोडलाय न्हवं? तुमी का थरथराय लागलाय?"

घरी आल्या आल्या अण्णांनी खुर्ची जागेवर ठेवली. त्यानंतर काहीही हलवलं नाही.

सून आली त्या दिवशी मीही तिथं होतो. तिनं आरशात बघून टिकली सरळ केली, आक्कांना हात धरून आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः सोफ्यावर इरकली उशी मांडीवर घेऊन बसली. "लई छान जमवलंय की!" अण्णा दाराशी उभे होते.

"आणि अण्णा, तुमची जागा कुठली?"

अण्णांनी सोफ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. "माझी व्हय? मी... बसतो की कुठं बी," ते पुटपुटले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांना पाठ टेकून बसलेलं आपण कधी पाहिलंय, हे मला तरी कुठं आठवत होतं?