दारापुढचं स्टूल

माझी थोरली बहीण, आमची आक्का, इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी वाहायची. मीही तिथेच, वाहायचे आणि घड्याही घालायचे.

धुवायची खोली आणि वाळवायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीला दार. पण दारापुढे एक लाकडी स्टूल. म्हणून आम्ही सगळ्याजणी भरलेली टोपली कमरेवर घेऊन लांबच्या बोळातून, अठरा पायऱ्या चढून-उतरून वळसा घालायचो. दाराला कुलूप नाही, पाटी नाही. नुसतं स्टूल. त्यावर कुणी बसायचं नाही, पण दर शनिवारी ते पुसायची पाळी मात्र ठरलेली. मीही पुसलंय, अगदी पायांच्या खाचांसकट.

पुढे आक्काचे गुडघे गेले. मुकादम म्हणाला, "बाई, दिवसाला तीस फेऱ्या जमत नसतील तर पहिल्या तारखेपासून घरी बसा." घरी भाऊजी अंथरुणाला खिळलेले. ती बसली असती तर चूल कोण पेटवणार?

तेव्हा कुठे आक्काला प्रश्न पडला. "हे स्टूल ठेवलं कुणी गं?"

सगळ्यांत जुनी बाई म्हणाली, "मी आले तेव्हा होतंच की."

मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्या आधीचं आहे. असेल काहीतरी कारण. तुम्हाला कशाला पंचाईत?"

दुसऱ्या दिवशी आक्का सरळ त्या स्टुलावर जाऊन बसली. आम्ही टोपल्या कमरेवर धरून उभ्या. काही झालं नाही. मग तिने ते बाजूला सारलं, दार ढकललं. करकरत उघडलं मेलं! पलीकडे चार पावलांवर वाळवायच्या दोऱ्या.

आणि आम्ही? आम्ही तीन दिवस बोळातूनच गेलो. सख्खी बहीण असून मीसुद्धा. का, ते आजही मला सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मुकादमाने तिला धरलं. "कुणाच्या परवानगीने?"

"वरून हुकूम आलाय," आक्का पापणी न लववता म्हणाली.

मला वाटलं, गेली आता हिची नोकरी. पण मुकादम एकदम सावरून उभा राहिला. "असं होय! कधीपासून लागू?"

"सोमवारपासून."

सोमवारी दुपारपर्यंत त्याने स्टूल उचलून बोळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. आम्ही निमूट दारातून जायला लागलो. आक्काच्या तीस फेऱ्या दुपारच्या जेवणाआधीच होऊ लागल्या. शनिवारची पुसायची पाळी चालूच राहिली.

पाचेक वर्षांनी एक नवी बाई आली. तिने दमून बोळाच्या तोंडाचं ते स्टूल ओढलं आणि त्यावर टेकली.

"अगं अगं, ऊठ! हलवायचं नाही ते!" आक्का खेकसली. "वरचा हुकूम आहे!"

मी घडी अर्धी सोडून तिच्याकडे बघत राहिले. "आक्के, कुणाचा गं?"

तिने माझ्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं. मग त्या बाईला म्हणाली, "सरक जरा," आणि तिच्या शेजारी अर्ध्या स्टुलावर जाऊन बसली.