पक्क्या भाजलेल्या झाकण्या

ही हकीकत मी पन्नास वर्षं टाळली. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठत असे. आता उठणार नाही. गिरणीच्या तेव्हाच्या साहेबांची मुलं-नातवंडं सोलापुरात आहेत, त्यांना राग येईल. येऊ दे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर गिरणीने दवाखान्याच्या नव्या खोल्यांसाठी तिकीट लावून एक खेळ ठेवला. अधिकाऱ्यांचा संघ विरुद्ध कामगारांचा. हवेत फेकलेली मातीची चकती छऱ्याच्या बंदुकीने फोडायची. तुकडा उडाला तर गुण, नुसती धूळ उडाली तर काही नाही. तयार चकत्या मिळेनात, म्हणून कुंभाराकडून तळहाताएवढ्या, जाड झाकण्या करून घेतल्या. त्या फेकायचं यंत्र वर्कशॉपने बनवलं आणि खड्ड्यात बसून ते चालवायचं काम मला मिळालं. मी टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीचा कारकून होतो.

आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "पाहुण्यांसमोर हरलो तर बरं दिसेल का? बघा काहीतरी."

मी बघितलं. एकेक झाकणी बोटाने वाजवली. खणखणली ती पक्की भाजलेली, छर्रा लागूनही सहसा न फुटणारी. बद्द वाजली ती कच्ची, छर्रा लागताच चुरा होणारी. कच्च्या साहेबांच्या टोपलीत टाकल्या, पक्क्या कामगारांच्या. ही युक्ती साहेबांनी सांगितली नव्हती. ती माझी, आणि ती त्यांच्या माथी मारून मी सुटणार नाही.

कामगारांची सगळी मदार मामांवर होती; सगळी गिरणी त्यांना मामाच म्हणे. ते कानडी मुलखालगतच्या मैंदर्गी गावचे, फौजेतून आलेले. पगाराची पेटी बँकेतून येताना बंदूक घेऊन शेजारी बसायचे. साहेबांच्या झाकण्या फुटत गेल्या, टाळ्या पडल्या. मग मामांनी बार काढला. धूळ उडाली आणि झाकणी अखंड गवतात पडली. दुसरी तशीच. तिसरीही.

"मामा, चष्मा घरी राहिला की काय?" मंडपातून कोणीतरी विचारलं.

"लागतंय की. फुटंना झालंय."

"लागलेलं फुटत नसतंय व्हय? म्हातारपण लागलंय म्हणा."

लोक हसले. मामा खड्ड्यापाशी आले. "भावसाहेब, ती पडलेली झाकणी आणून बघा की. छऱ्याची खूण असंल तिच्यावर."

"खेळ थांबवता येत नाही," मी म्हणालो आणि पुढची चढवली.

साहेबांचा संघ जिंकला, चषक त्यांनाच मिळाला. संध्याकाळी गवतातल्या झाकण्या मीच गोळा केल्या. मामांच्या प्रत्येक झाकणीवर छऱ्यांच्या खुणा होत्या. सगळ्या मी विहिरीत टाकल्या.

महिन्याभरात मामांची बंदूक गेली. नजर गेलेल्या माणसाच्या हाती पेटीची राखण कशी द्यायची, असं ठरलं. दृष्टिदोष, असा शेरा असलेला कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मामांना फाटकावर काठी घेऊन उभं केलं. दोन महिन्यांत ते गावी निघून गेले.

तो शेरा खोटा होता. साहेबांनी उंचावलेला चषक लबाडीचा होता. ज्याला हे खोडायचं असेल त्याने माझ्यासमोर येऊन खोडावं, मी अजून जिवंत आहे.

दोन वर्षांनी मी मैंदर्गीला गेलो. मामा दारात दोर वळत बसले होते.

"या की भावसाहेब. हिकडं कुटं वाट चुकलात?" शेजाऱ्याला त्यांनी कानडीत सांगितलं, हे आमच्या गिरणीतले दोस्त. मग चहा आला.

"दोराला डोळं लागत न्हाईत, म्हणून हे धरलंय," मामा म्हणाले. "तवा लई भांडलो मी. आता वाटतंय, लोकांचंच खरं आसंल. फुटली न्हाय म्हंजी लागलीच नसंल की."

ते हे रागाने म्हणाले असते तर मी बोललो असतो. ते समजुतीने म्हणाले. मी म्हणालो, बाजाराला आलो होतो, सहज डोकावलो. आणि परतीची एसटी धरली. पुढच्या वर्षी मामा वारल्याचं कळलं.

त्या दिवशी मैंदर्गीला जाताना एसटीत मी सारखं घोकत गेलो होतो, ते एवढंच होतं: मामा, सगळ्या लागल्या होत्या. न फुटणाऱ्या झाकण्या मी निवडून तुमच्यापुढे टाकल्या. मला माफ करा.